बोळातला चौक

धुळ्याच्या आग्रा रोडवर भांड्यांचं दुकान चालवणारे उत्तमचंद कांकरिया मुलींसाठी स्थळं पाहण्याला पुरते कंटाळले होते. थोरलीच्या वेळी ते थेट मारवाडात जाऊन आले. मुलाचं घर पाहिलं, घरामागची विहीर पाहिली, विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं आणि मगच होकार दिला. दुसरीच्या वेळी इंदूरच्या पुढे गेले नाहीत. तिसऱ्या कुसुमलताची पाळी आली, तोवर त्यांच्या गुडघ्यांनी आणि उत्साहाने एकाच सुमारास राजीनामा दिला होता.

त्यातून कुसुमलताचं लग्न दोनदा ठरून दोनदा मोडलं होतं. एकदा मुलाच्या आजोबांना ऐनवेळी पत्रिका आठवली, एकदा मुलाला दुसरी मुलगी. मुलीचा दोष काडीचा नव्हता. पण दोनदा परत आलेल्या घागरीकडे गिऱ्हाईक कसं पाहतं, हे भांड्यांच्या दुकानदाराला कोणी सांगायला नको. उचलतं, वाजवतं, आवाज चांगला येतो म्हणतं आणि होती तिथे ठेवून देतं. हे तिसऱ्यांदा झालं तर समाजात पुन्हा तोंड उघडायची सोय राहणार नव्हती.

म्हणून एरंडोलचे पुखराजजी, म्हणजे कुसुमलताचे मामा, जळगावचं स्थळ घेऊन आले तेव्हा उत्तमचंदांनी फार चौकशी केली नाही. मुलगा सुभाषचंद, कॉमर्सचा पदवीधर. वडील भिकमचंद यांची दाणाबाजारात पेढी. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम मामांकडे एरंडोललाच उरकला, कारण एरंडोल दोन्ही गावांच्या मधे पडतं आणि कोणालाच पुरता प्रवास पडत नाही. मुलाने मुलीला शिक्षण विचारलं. मुलीने काहीच विचारलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, की चहा स्वतःच्या धोतरावर सांडला तेव्हा त्याला हसता आलं. उत्तमचंदांना हे पुष्कळ झालं.

राहिली घरं. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांची घरं पाहायची रीत होती. त्यावर पुखराजजींनी तोड काढली. हल्ली मुलीचा फोटो पाठवतात, मुलाचा पाठवतात, मग घरानेच काय पाप केलंय?

आधी जळगावचा फोटो आला. दोन मजली घर, वर गच्ची, आणि गच्चीच्या मागून सरळ आभाळात गेलेली जिनिंग फॅक्टरीची उंच चिमणी, जणू स्वयंपाकघरातूनच निघाली असावी. जिनिंग आमची, असं कोणी म्हटलं नव्हतं. आमची नाही, असंही कोणी म्हटलं नव्हतं. उत्तमचंदांच्या पत्नी प्रमिलाबाई फोटो शेजारीपाजारी दाखवून आल्या. दाखवताना त्यांचं बोट बरोबर चिमणीवर असे.

आता धुळ्याहून तोलामोलाचा फोटो जायला हवा होता आणि अडचण इथेच होती. कांकरियांचं घर सहाव्या गल्लीतून फुटणाऱ्या एका बोळात होतं. बोळ पुढे तेलघाण्याच्या भिंतीला जाऊन संपे, आणि इतका अरुंद की समोरासमोरच्या बायकांना भांडताना आवाज चढवावा लागत नसे. घर मात्र चांगलं होतं. खाली कोरीव चौकट, वर लाकडी सज्जा, सज्ज्याला पितळी गोळे. ते सगळं एकदम पाहायचं तर मागे सरकायला हवं, आणि मागे सरकलं की पाठ समोरच्या पुष्पाबाईंच्या भिंतीला लागे.

हे काम हारुनभाईंकडे गेलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा स्टुडिओ होता. आयुष्यभर लोकांना हनुवटी खाली घ्यायला सांगून त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर एक कायमचा थकवा येऊन बसला होता. परदेशी निघालेल्या एका माणसाकडून त्यांनी आणि त्यांचे जळगावचे मेहुणे नजीर यांनी मिळून जपानी कॅमेरे आणि जादा भिंगं घेतली होती. आखूड, अठ्ठावीस मिलिमीटरचं भिंग हारुनभाईंच्या वाट्याला आलं, लांबलचक एकशेपस्तीसचं नजीरभाईंच्या. हारुनभाईंनी पुष्पाबाईंच्या भिंतीला पाठ लावली, नेहमीचं भिंग लावून पाहिलं तर नुसती चौकट आणि सज्ज्याचा एक गोळा. मग त्यांनी अठ्ठावीसचं लावलं आणि कोपऱ्यात तिरकं उभं राहून खटका दाबला.

फोटो आला तेव्हा घर आख्खं आलं होतं. शिवाय घरासमोर एक चौक आला होता. बोळातली फरशी अशी ऐसपैस पसरली होती की तिथे आठवड्याचा बाजार भरावा. प्रमिलाबाईंनी फोटो बराच वेळ पाहिला आणि आजच्या आज पाठवून द्या म्हणाल्या. उत्तमचंदांना काहीतरी चुकतंय असं वाटलं. पण आपलं घर मोठं दिसतंय ही तक्रार घेऊन कोणी फोटोवाल्याकडे जात नाही.

होकार आला. मुहूर्त निघाला. मग वैशाख तोंडावर आला असताना पुखराजजी एक अट घेऊन आले, आणि ती त्यांनी आनंदाची बातमी असल्यासारखी सांगितली. मुलाच्या आजी भंवरीबाईंनी फोटो पाहिला. दारापुढे एवढी जागा असताना धर्मशाळेत तोरण कशाला, म्हणाल्या. नवरदेव घोडीवरून येईल, मुलीच्या घरच्याच दाराला तोरण मारेल, म्हणजे वर टांगलेल्या तोरणाला काठी लावेल, आणि मग घोडी तिथल्या तिथे फिरवून तोंडाने पुढे चालत बाहेर नेतील. घोडीने मुलीच्या दारातून मागे पाऊल टाकता कामा नये. एवढं पाळलं तर म्हातारीची दुसरी कसलीच अपेक्षा नाही.

उत्तमचंदांनी त्याच दिवशी टांगेवाल्या पुनाला बोलावलं आणि त्याचा घोडा टांग्यातून सोडवून बोळात आणवला. घोडा दारापर्यंत नीट आला. फिरवताना मात्र त्याचं तोंड कांकरियांच्या ओट्यावर आणि मागची बाजू पुष्पाबाईंच्या खिडकीत गेली. खिडकीत पापड वाळत होते.

“शेठ, घोडं लेवानं शे का?” पुष्पाबाईंनी आतून घोड्याचा सौदा चालल्यासारखं शांतपणे विचारलं.

पुनाने घोडा पुढे ओढून पाहिला, मागे रेटून पाहिला, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. “हाई बोळमा घोडा फिरस नही, शेठ. मांगे मांगेच लेवा पडी.”

उत्तमचंद तडक स्टुडिओत गेले. त्यांनी हारुनभाईंना दोष दिला नाही, तेवढी ताकद नव्हती. फक्त म्हणाले, “आता एक खरा फोटो काढून द्या. जळगावला दाखवतो आणि पाया पडतो.”

हारुनभाईंनी त्यांना बोळात आणलं, भिंतीला टेकवून उभं केलं आणि कॅमेरा डोळ्याला लावायला दिला. उत्तमचंदांना चौक दिसला. कॅमेरा खाली घेतला, बोळ दिसला. पुन्हा लावला, चौक. त्यांनी दोनतीनदा असं करून पाहिलं. हारुनभाईंनी सावकाश समजावून सांगितलं. भिंग आखूड असलं की नजर रुंद होते, त्यामुळे अगदी जवळ उभं राहूनही सगळं मावतं. पण जवळ उभं राहिल्याने पायाखालची फरशी मोठी दिसते आणि चार पावलांवरची चौकट लहान, मग पाहणाऱ्याला वाटतं की मधे मैदान आहे. लांब भिंगाचं उलटं. त्यात नजर चिंचोळी, म्हणून घर मावायला दूर जाऊन उभं राहावं लागतं, आणि दुरून पाहिलं की मागचंपुढचं सारं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसतं.

“म्हणजे डोळ्याला दिसतं तसं दाखवणारं भिंगच नाही?”

“आहे ना. पन्नासचं.” हारुनभाईंनी खिशातून रुमाल काढून काच पुसली. “पण त्यात तुमचं घर मावत नाही, शेठजी. मावायला पुष्पाबाईंचं घर पाडावं लागेल. अर्धं घर चालत असेल तर आत्ता काढतो.”

अर्धं घर पाठवून तिसरं लग्न मोडण्यापेक्षा स्वतः जाऊन मोडलेलं बरं, असं उत्तमचंदांना वाटलं. प्रमिलाबाईंचं मत वेगळं होतं. बोलायचंच नाही, दारात आल्यावर कोण परत जातंय, असं त्या म्हणाल्या. उत्तमचंदांच्या डोळ्यांपुढे मात्र दारात अडकलेली घोडी, तिच्यावर नवरदेव, मागे बँड, बँडमागे सगळी जान, म्हणजे वऱ्हाड, आणि पुष्पाबाईंची खिडकी असं चित्र उभं राहिलं आणि त्यांनी जळगावला जायचं ठरवलं. निघताना कुसुमलताने त्यांची छत्री आणून दिली.

“बापूजी, काही लपवू नका. मागाहून कळलं तर ते रोज मला ऐकावं लागेल.”

मुलगी तिसऱ्यांदा परत यायला तयार होती, ही गोष्ट त्यांना सबंध प्रवासात टोचत राहिली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. भंवरीबाईंपुढे काय बोलायचं याची ते मनात उजळणी करत होते. जळगावच्या नजीरभाईंच्या लांब भिंगाचा विचार त्यांच्या मनात एकदाही आला नाही. आपलं खोटं उघडं पडेल या धास्तीत असलेल्या माणसाला समोरच्याचा संशय घ्यायला उसंत नसते.

जळगावला उतरल्यावर त्यांनी टांगेवाल्याला सांगितलं, जिनिंगच्या चिमणीपाशी चल, चिमणीला लागूनच घर आहे. टांगेवाल्याने त्यांना चिमणीपाशी सोडलं आणि तो निघून गेला. तिथे घर नव्हतं. बंद फाटक होतं, कुंपणाला अडकलेले कापसाचे पुंजके होते आणि उखर्डू नावाचा एक पहारेकरी होता. हंगाम संपल्यामुळे त्याला बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे त्याने उत्तमचंदांना कोठाराच्या सावलीत नेऊन बसवलं आणि सगळं सविस्तर सांगितलं. जिनिंग भलत्याच माणसाची होती. भिकमचंद शेठ म्हणजे दाणाबाजारवाले, ते घर हे नव्हे. ते काय तिकडे. त्याने बोट दाखवलं, तिथे शेतं होती, नाला होता, बाभळी होत्या, आणि त्यांच्याही पलीकडे काड्यापेटीएवढं एक घर होतं.

उत्तमचंद छत्री उघडून चालू लागले. मधून मधून थांबून त्यांनी मागे पाहिलं. चिमणी प्रत्येक वेळी आणखी लहान होत होती. फोटोप्रमाणे ती घराच्या पाठीला यायला हवी होती. नाल्याच्या काठावर एकदम त्यांना हारुनभाईंचं बोलणं आठवलं, पाठीला पाठ लावून बसतं म्हणाले ते, आणि जळगावात लांब भिंग कोणाकडे आहे तेही आठवलं.

हे कारण चांगलं होतं. अरुंद बोळापेक्षा कितीतरी चांगलं. आता चार लोकांत ओरडून सांगता आलं असतं की फसवणूक झाली, आणि लग्न मोडलं असतं तरी या वेळी दोष पलीकडे गेला असता. त्यांनी बाभळीखाली उभं राहून संतापून पाहिलं. बाभळीला सावली नव्हती. शिवाय मुलीने निघताना जे सांगितलं होतं त्यात चिमणीबद्दल काही नव्हतं. ते पुढे चालू लागले.

भिकमचंद पेढीवर गेले होते. ओसरीतल्या झोपाळ्यावर भंवरीबाई एकट्या बसल्या होत्या. पदर कपाळापर्यंत, हातात जपमाळ, डोळे अगदी कोरडे आणि लख्ख. व्याही असा अचानक दारात उभा पाहून त्यांनी पाणी मागवलं, बसायला सांगितलं आणि त्यांच्या कोटाकडे पाहिलं.

“ब्याईजी, चिमणीवरून आलात वाटतं.”

उत्तमचंदांनी कोटाकडे पाहिलं. बाह्यांना कापूस चिकटला होता.

“सगळे आधी तिकडेच जातात,” त्या म्हणाल्या. “चिमणी आमची नाही. धूर तेवढा आमच्याकडे येतो.”

त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं. भिकमचंदने फोटोवाला आणला, तो घराला पाठ करून चालत सुटला. इतका लांब गेला की आम्हाला वाटलं, काम सोडून घरी निघाला. फोटो आला तेव्हा चिमणी आमच्या गच्चीवर. मी म्हटलं, हे पाठवू नकोस. तो म्हणाला, आपण कुठे काही बोलतोय?

उत्तमचंदांना आपल्या घरातलंच बोलणं ऐकल्यासारखं झालं. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“आमच्या दारात चौक नाही, मासाहेब. बोळ आहे. घोडी शिरेल, पण फिरणार नाही. मी घोडा आणून पाहिलाय.”

झोपाळा थांबला. मग म्हातारीने शिंदखेड्याची गोष्ट सांगितली. भिकमचंदचं पहिलं लग्न तिथे झालं होतं. असाच बोळ होता. तोरण मारल्यावर घोडी फिरेना, म्हणून माणसांनी तिला पार बोळाच्या तोंडापर्यंत मागे मागे नेलं, सगळे हसत होते, मीही हसले. मुलगी वर्षभरात गेली, पहिल्या बाळंतपणात. सुभाष दुसरीचा.

“घोडीमुळे गेली असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण ती घोडी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.”

बोळाबद्दल माफी मागता येत होती, या गोष्टीपुढे बोळ फारच लहान होता. उत्तमचंद उठले. ठरलेलं मोडायचं असेल तर आपली तक्रार नाही, फक्त मुलीच्या नावावर काही येऊ देऊ नका, एवढं बोलून त्यांनी छत्री उचलली.

“मुलीला माहीत आहे तुम्ही इथे आलात ते?”

“तिनेच सांगितलं, काही लपवू नका म्हणून.”

भंवरीबाईंनी जपमाळेचे दोनचार मणी ओढले. “म्हणजे या घरात एक तरी सरळ पाहणारं माणूस येईल. बसा.” मग त्यांनी पुढे वाकून विचारलं, “तुमच्या घराला मागचं दार आहे?”

होतं. पूर्वी गाय होती तेव्हा ती मागच्या गल्लीतून त्या दाराने आत येई. गाय गेल्यावर दार खिळे ठोकून बंद केलं होतं.

“गाय यायची ना?”

“यायची.”

“मग घोडी जाईल.”

उत्तमचंदांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत मधे ओसरी होती, माजघर होतं, स्वयंपाकघर होतं आणि तीन पिढ्यांची भांडी होती. पण म्हातारी झोपाळ्याला पुन्हा झोका देत होती, त्याअर्थी तिच्या बाजूने विषय संपला होता.

लग्नाच्या दिवशी माजघरातली भांडी माळ्यावर गेली आणि मागच्या दाराचे खिळे निघाले. प्रमिलाबाईंनी सकाळपासून कोणाशी बोलणं सोडलं होतं. बोळात बँड शिरला, त्यामागे पुनाने लगाम धरलेली पांढरी घोडी आली. सुभाषचंदने तोरण मारलं आणि तो उतरला. सासूने त्याला ओवाळलं. तो आत जाऊन पाटावर बसला, आणि त्याच्या मागून घोडी ओट्याच्या पायऱ्या चढून घरात आली. आलेल्या पाहुण्यांना ही धुळ्याकडची रीत वाटली. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी घोडीलाही कुंकू लावलं.

माजघराच्या मधोमध घोडी थांबली.

पुनाने लगाम ओढला. तिने कान मागे पाडले. एक शहाबादी फरशी तिच्या खुराखाली तडकली, त्या आवाजाने ती बिचकली आणि तिचा मागचा पाय उचलला गेला. भंवरीबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. बँडवाले बाहेर काय वाजवायचं ते न सुचून थांबले. उत्तमचंद एका कडेला, हात अर्धवट पुढे करून उभे होते, जणू एवढं मोठं जनावर आपण हातांनी अडवणार आहोत.

स्वयंपाकघराच्या दारातून बांगड्यांनी भरलेला एक हात पुढे आला. तळव्यावर गुळाचा खडा होता. फेऱ्यांच्या आधी नवरीने बाहेर यायचं नव्हतं, त्यामुळे कुसुमलताने फक्त हातच बाहेर काढला होता. घोडीने हुंगलं, उचललेला पाय होता तिथेच टेकवला, मग पुढचं पाऊल टाकलं. हात मागे सरकत गेला, घोडी त्याच्यामागे चालत गेली, चुलीजवळून, रांजणांजवळून, आणि मागच्या दाराने गल्लीत उतरली.

भंवरीबाईंनी डोळे उघडले. “गेली?” त्यांनी विचारलं.

“पुढे गेली, मासाहेब,” उत्तमचंद म्हणाले आणि तिथेच खाली बसले. कोणीतरी त्यांना पाणी दिलं.

मुलगी जळगावला नांदायला गेल्यानंतर काही दिवसांनी हारुनभाई फोटो घेऊन दुकानात आले. घोडी माजघरात अडली त्या वेळी ते रांजणांना पाठ लावून उभे होते आणि मागे सरकायला वीतभरही जागा नव्हती, म्हणून अठ्ठावीसचंच भिंग लावावं लागलं होतं. फोटोत गुळाचा खडा धरलेला हात सगळ्यात पुढे, केवढा तरी मोठा आला होता. त्यामागे लहानशी घोडी. आणि तिच्याभोवती एखाद्या संस्थानिकाचा दरबार भरावा असं माजघर पसरलं होतं. उजव्या कडेला एक गलेलठ्ठ गृहस्थ उभे होते. गाल फुगलेले, पगडी परातीएवढी, सुखवस्तू.

“हा मी?” उत्तमचंदांनी विचारलं. लग्नाच्या धावपळीत त्यांचा कोट त्यांना ढगळ होऊ लागला होता.

“कडेला उभे राहिलात, शेठजी. या भिंगात कडेचा माणूस ताणला जातो.”

“मुलीच्या लग्नात बाप दुसरीकडे कुठे उभा राहणार?”

हारुनभाईंनी रुमाल काढून गळ्यातल्या कॅमेऱ्याची काच पुसली. तेवढ्यात पुखराजजी आले. त्यांनी फोटो हातात घेऊन उजेडाला धरला. धाकट्या राजकुंवरची शाळा येत्या वर्षी संपतेच आहे, म्हणाले. भुसावळचं एक स्थळ डोक्यात आहे, आणि असलं माजघर सबंध धुळ्यात कोणाचं आहे?

उत्तमचंदांनी फोटो त्यांच्या हातून काढून घेतला आणि तांब्याच्या हंड्यांच्या उतरंडीमागे ठेवून दिला.

“त्यांना म्हणावं, येऊन बघा,” ते म्हणाले. “बोळ आहे, तडकलेली फरशी आहे, आम्ही आहोत. चहा पाजू.”

आणि गादीवर पाय लांब करून ते गुडघे चोळत बसले.